सारसाची चाल

सारस चौथ्यांदा मेला, त्या दिवशी प्रहार कक्षात कुणी पेढे आणले नाहीत.

पहिल्यांदा मेला तेव्हा आणले होते. संचालक राजशेखर तांबट यांनी स्वतः बॉक्स फिरवला होता आणि डॉ. पद्मजा शेडबाळेसमोर आल्यावर ते म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही दोन घ्या. यंत्र तुमचं आहे." दुसऱ्यांदा मेला तेव्हा लोक एकमेकांकडे बघून कसनुसं हसले. तिसऱ्यांदा तांबटांनी खुलासा केला, की आधीचे दोघे तोतये असणार. दहशतवादी जथ्याच्या म्होरक्यानं आपल्यासारखं चालणारी माणसं मुद्दाम तयार केली असणार. आणि आता हा चौथा. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी झुरांग खोऱ्यातल्या एका पायवाटेवर धुराचा ठिपका उमटला, पडद्यावरच्या सावलीशेजारचा हिरवा आकडा विझला आणि खोलीतली माणसं आपापल्या चहाकडे वळली.

"महिनाभर वाट बघू," तांबट म्हणाले. "त्या भागात ती चाल परत दिसली नाही, की यश म्हणून नोंद करू."

पद्मजानं मान डोलावली. पण तिचा चहा तसाच राहिला.

कक्ष पुण्याबाहेर, एका टेकडीच्या पोटात होता. पाच देशांनी मिळून उभारलेल्या संयुक्त दलाचा हा मेंदू. इथून अडीच हजार किलोमीटरवर, सीमेपलीकडच्या झुरांग खोऱ्यावर विमानं घिरट्या घालत. माणूस नसलेली, चिमणीएवढाही आवाज न करणारी. ती सहा किलोमीटर उंचीवरून बघत, आणि तेवढ्या उंचीवरून चेहरा दिसत नाही. दिसतं ते डोकं आणि दोन खांदे, म्हणजे वरून पाहिलेला कुठलाही माणूस. ही अडचण पद्मजानं सोडवली होती. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असतो तेव्हा माणसाची सावली जमिनीवर लांबलचक पडते. वरून पाहणाऱ्याला ती सावली म्हणजे बाजूनं काढलेलं चित्रच. त्या सावलीवरून माणसाची चाल पुन्हा उभी करता येते: पाऊल किती लांब पडतं, कंबर कुठे कलते, हात किती मागे जातो, टाच कधी उचलली जाते. अशा दोनशे खुणा जमवल्या, की चाल बोटांच्या ठशासारखी वेगळी काढता येते. निदान पद्मजाच्या प्रबंधात तसं सिद्ध झालं होतं, आणि त्या प्रबंधावर तीन वर्षांत एकसष्ट प्रहार झाले होते.

सारस हे नाव यंत्रानं निवडलेल्या एका चालीला कक्षातल्या कुणीतरी दिलं होतं. डाव्या पायावर किंचित उसळी घेऊन चालणारा माणूस. जथ्याच्या एका बैठकीतून बाहेर पडताना तो पहिल्यांदा दिसला, आणि मग दिसतच राहिला. आज या गावात, तर उद्या साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात. एवढं अंतर तो कसा तोडतो, हे कुणाला उमगत नव्हतं. त्यामुळे त्याची दहशत कक्षातही वाढत गेली.

"मॅडम, संसदीय समितीची बैठक दहा दिवसांवर आली," तांबट तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले. "त्यांचा एकच प्रश्न आहे. या प्रहारांनी दहशतवाद कमी होतो का? अहवाल तुम्ही लिहा. आकडे तुमचे, सहीही तुमची."

"यशाचं प्रमाण चौऱ्याण्णव टक्के आहे, सर."

"मग लिहा तेच."

"पण हल्ले कमी झालेले नाहीत. सहा महिन्यांत अकरा झाले. त्याआधीच्या सहा महिन्यांत नऊ होते."

पाच वर्षांपूर्वी एका बसस्थानकात स्फोट झाला, तेव्हा अडतीस मृतदेहांची ओळख पटवायला तांबट स्वतः उभे होते. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, पण कक्षात ते सगळ्यांना ठाऊक होतं. "प्रहार केले नसते तर अकराचे तीस झाले असते," ते म्हणाले. "हे यंत्र येण्याआधी आम्ही अख्ख्या वस्तीवर बॉम्ब टाकायचो. आता एका माणसावर टाकतो. हेही लिहा."

ते खोटं बोलत नव्हते, आणि पद्मजानं तेही लिहून घेतलं.

*

पद्मजा मिरजेची. तिचे वडील पोलिओ झालेल्या मुलांसाठी लोखंडी पट्ट्यांचे आधार बनवायचे. घरालाच लागून कारखाना होता. शाळेतून आलं, की ती आणि तिचा मोठा भाऊ सन्मती दारात बसून पैज लावायचे, की बोळातून येणारा पेशंट कोण. पावलांवरून पद्मजा बिनचूक ओळखायची. सन्मतीला ते कधी जमलं नाही. त्याचं लक्ष माणसाच्या पायात काय घातलंय तिकडे. पुढे ती चालण्याचं शास्त्र शिकली आणि त्यानं कृत्रिम पाय बनवायला घेतले. 'उभारी' नावाचा त्याचा पाय गुडघ्याखाली बसवायचा. हलका आणि साधा, कुठल्याही खेड्यात दुरुस्त होणारा. सुरुंगांनी पाय गेलेल्यांसाठी तो गेली साडेतीन वर्षं एका सेवाभावी संस्थेतर्फे झुरांग खोऱ्यात शिबिर चालवत होता.

एकाच खोऱ्याकडे भाऊ खालून बघत होता आणि बहीण वरून. त्याला ते ठाऊक नव्हतं. पद्मजानं गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. विमानतळावरच्या सुरक्षेचं काम करते, एवढंच तिनं घरी सांगितलं होतं. शिबिराभोवती दोन किलोमीटरच्या वर्तुळात विमानांनी बघायचंही नाही, असा संस्थेशी करार होता. त्यामुळे दादा सुरक्षित आहे, असं ती मनाला समजावायची. दर रविवारी त्याचा फोन आला, की मात्र ती घाईनं आईचा विषय काढायची.

अहवालासाठी तिनं सारसाच्या चारही चित्रफिती पुन्हा काढल्या. सोबत ओवी गवाणकर होती, कक्षातली सगळ्यात तरुण विश्लेषक.

"यंत्राला विचार, ओळख पटवताना दोनशेपैकी कुठल्या खुणांवर जास्त भर दिला," पद्मजा म्हणाली.

ओवीनं विचारलं. उत्तर बघून तिनं खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, एकाच खुणेवर. डावी टाच. बाकीच्या एकशे नव्व्याण्णव जवळपास सोडूनच दिल्यात."

"टाचेचे आकडे दाखव."

पाऊल जमिनीवर टेकल्यापासून सुटेपर्यंतचा काळ शंभर धरला, तर सारसाच्या डाव्या पायाला पुढे ढकलणारा धक्का एकसष्टाव्या टक्क्याला मिळत होता. पहिल्या माणसाला एकसष्ट. दुसऱ्याला एकसष्ट. तिसऱ्याला, चौथ्यालाही. प्रत्येक पावलाला, चढावर आणि उतारावरही.

"किती सारखं चालतो," ओवी म्हणाली.

जिवंत घोट्याला एवढी शिस्त नसते. माणूस दमतो, खडा टोचतो, मनात काही येतं, आणि प्रत्येक पाऊल मागच्याहून थोडं वेगळं पडतं. असा न चुकणारा धक्का फक्त वस्तू देते. आणि ही वस्तू कुठली, हे पद्मजाला आकडा बघताक्षणी कळलं होतं, कारण तो आकडा तिनंच मोजला होता. आठ वर्षांपूर्वी, तिच्याच प्रयोगशाळेत. सन्मती घाम पुसत बाजूला उभा होता आणि विचारत होता, "आला का गं नीट? उसळी बसली का?" टाचेतली रबरी चकती दाबली जाते, आणि बरोबर एकसष्टाव्या टक्क्याला ती दाबलेली शक्ती परत देते.

यंत्र माणूस ओळखायला शिकलंच नव्हतं. ते उभारी ओळखत होतं.

साठ किलोमीटर एका दिवसात तोडणारा सारस म्हणजे दोन गावांतली दोन माणसं होती. शिबिरात ती सगळी एकत्र यायची, पण तिथे बघायला बंदी. म्हणून पडद्यावर एका वेळी नेहमी एकच दिसला.

"मॅडम, तुमचा चेहरा... पाणी आणू?"

"नको," पद्मजा म्हणाली, आणि फोन घेऊन उठली.

*

रविवारची वाट न बघता तिनं दुपारीच शिबिराला फोन लावला. सॅटेलाइटवरून येणारा सन्मतीचा आवाज अर्धा क्षण उशिरा पोचायचा.

"काय गं पद्मे, आज बुधवारी? आई बरी आहे न्हवं?"

"बरी आहे. दादा, खोऱ्यात आतापर्यंत डावे पाय किती बसवलेस?"

"डावे? दोनशे दहाच्या आसपास. का गं?"

"असंच. एका लेखासाठी."

तो हसला नाही. "लेख लिहितेस तर हे पण लिही. माझी माणसं मरायला लागलीत. चार गेली बघ. मिशेर म्हणून शाळामास्तर होता, पाय बसवून आठ दिवस झाले होते. परवा एक मेंढपाळ गेला. विमानातनं उडवलं."

पद्मजानं मिशेर हे नाव कागदावर लिहून घेतलं.

"आणि लोक काय म्हणतात ठाऊक आहे? हा पाय विमानाला बोलावतो म्हणे. एखादा गेला, की त्या भागातली सगळी पाय काढून ठेवतात, महिनाभर कुबड्यांवर फिरतात. मी घरोघर जाऊन सांगतो, अरे बाबांनो, हा प्लॅस्टिकचा पाय आहे, यात ना बॅटरी, ना तार. अंधश्रद्धा आहे ही. माझ्यावर विश्वास आहे म्हणून परत घालतात. उद्या चाळीसजण यायचेत तपासणीला. सगळ्यांना मीच बोलावलंय."

महिनाभर चाल दिसत नाही, ती म्हणून. भीतीनं पाय कोपऱ्यात ठेवले जात, आणि कक्षात त्याची यश म्हणून नोंद होई. दादा त्यांची समजूत काढी, पाय परत जमिनीवर पडत, आणि सारस पुन्हा जिवंत होई.

"दादा, उद्याचं शिबिर रद्द कर."

"का?"

"कर ना."

"अगं पण का? चाळीस माणसं डोंगर उतरून येतायत. काहीतरी कारण तर सांग की."

फोन ऐकला जातो, हे तिला ठाऊक होतं. एक वाक्य बोललं, तर नोकरीच काय, तुरुंगही. "परत करते," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला आणि तडक तांबटांच्या खोलीत गेली.

तांबटांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधेच एकदा चष्मा काढून डोळे चोळले. ती थांबल्यावर म्हणाले, "म्हणजे सारस कृत्रिम पाय वापरतो."

"सर, सारस असा कुणी नाहीच. निदान आपल्याला तो माहीत नाही. आपण चार वेगवेगळ्या माणसांना—"

"जथ्याच्या बैठकीतून बाहेर पडणारा तो पहिला माणूस? तो तर होता ना?"

"होता. पण मारलेल्या चारांत तो आहे का, सांगता येत नाही. दोनशे दहाजण तसेच चालतात."

"मग तुम्ही फार मोलाचं काम केलंत." तांबटांनी वही ओढली. "कालपर्यंत आपण लाखभर लोकांत शोधत होतो. आता दोनशे दहांत शोधू. आणि ते पाय कोण वाटतं, हेही बघायला हवं. म्होरक्याला पाय देणारा माणूस त्याला ओळखतच असणार."

खरं सांगितल्यावर यंत्र थांबेल, असं धरून पद्मजा आत आली होती. "तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

तांबटांनी वर पाहिलं. "हे तुम्ही कामावर रुजू होताना लिहिलं होतंत?"

"तो खोऱ्यात काम करतो, हे लिहिलं होतं. बाकी विचारलं नव्हतं."

"मॅडम, तुम्ही दोन दिवस घरी राहा."

"यंत्र अचूक असल्याचं प्रमाणपत्र दर आठवड्याला माझ्या सहीनं जातं, सर. ती सही मी मागे घेते. आत्ता."

"लेखी द्या. चोवीस तासांनी लागू होईल, नियमात तसंच आहे." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "मी राक्षस नाही. पण तुमच्या शंकेवर सारस सोडला आणि पुढच्या आठवड्यात कुठे बस उडाली, तर त्या आयांना मी काय सांगू? मला पुरावा द्या. शंका नको."

*

गुरुवारी सकाळी सव्वासहाला ती कक्षात शिरली तेव्हा दारावर कुणी अडवलं नाही. घरी राहण्याचा हुकूम अजून खालपर्यंत पोचला नसावा. मोठ्या पडद्यावर खोऱ्यातला उजेड पसरत होता. दगडी कडा, खालची कोरडी नदी, तिच्या कडेनं जाणारा रस्ता. रस्त्यावर एक माणूस चालत होता. पाठीवर दोन डबे. त्याची सावली पुढे-मागे झुलत होती आणि तिच्या शेजारी हिरव्या अक्षरांत सारसाशी जुळणीचा आकडा होता: शहाण्णव.

"शिबिराच्या दिशेनं चाललाय," ओवी हलक्या आवाजात म्हणाली. तिनं पद्मजाकडे बघितलं नाही. "बंदीच्या वर्तुळापासून तीन किलोमीटर. वर्तुळात शिरायच्या आत करायचं म्हणतायत. पुढे मोकळं माळरान आहे, तिथे. पंचवीस मिनिटं."

तांबट पुढच्या रांगेत पाठमोरे बसले होते.

पद्मजा वळली आणि बाहेर आली. गाड्या लावायच्या जागी, एका बंद जीपच्या आडोशाला तिनं आपला साधा फोन काढला. तिनं मनाशी काही ठरवलं नव्हतं. नंतर चौकशीत तिला पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, की निर्णय कोणत्या क्षणी घेतला. तिला तो क्षण सांगता आला नाही. घंटा वाजत होती आणि ती म्हणत होती, उचल, उचल.

"बोल."

"दादा, मधे बोलू नकोस. मी विमानतळावर काम करत नाही. तुझ्या डोक्यावरची विमानं माझ्या यंत्रानं माणसं ओळखतात. चालीवरून. यंत्र चुकलंय. ते तुझा पाय ओळखतं. एकसष्ट टक्के, तो आपला आकडा. लोक म्हणतात ते खरं आहे, दादा. पायच विमानाला बोलावतो."

अर्धा क्षण, मग एक, मग दोन. तिला वाटलं लाइन गेली.

"किती वर्षं?" तो म्हणाला.

"तीन."

तो पुढे काही विचारायच्या आत तिनं सांगून टाकलं.

"आत्ता एकजण तुझ्याकडे येतोय. नदीकडच्या रस्त्यानं, पाठीवर दोन डबे आहेत. वीस मिनिटांत—"

"दोरलान," तो म्हणाला. "मध घेऊन येतो." त्याचा आवाज एकदम कामाला लागल्यासारखा झाला. "काय करू, सांग. पाय काढायला लावू?"

"टाचेतली चकती काढ. उसळी गेली की आकडा पडेल. आणि त्याच्या जवळ राहा, पन्नास मीटरच्या आत. दुसरा माणूस शेजारी असला, की टाकत नाहीत."

"नक्की?"

नियमात तसंच होतं. आणि नियम कसे पाळले जातात, तेही तिनं पाहिलं होतं. "नक्की नाही," ती म्हणाली.

फोन कट झाला.

*

ती आत आली. पंधरा मिनिटांनी दोरलान माळरानाच्या तोंडाशी पोचला. आकडा पंचाण्णव आणि सत्त्याण्णवच्या मधे हलत होता. विमान चालवणाऱ्या मुलीनं "तयार" असं म्हटलं. एका कोपऱ्यात उलट मोजणी सुरू झाली. चार मिनिटं. साडेतीन.

पडद्याच्या वरच्या कडेला धुळीचा लोट दिसला.

"मोटरसायकल," ओवी म्हणाली. "शिबिराकडून येतेय. वेगात."

"साथीदार असेल," मागून कुणीतरी म्हणालं. "दोघांना एकदम—"

"थांबा," तांबट म्हणाले. "कोण आहे बघू."

मोटरसायकल दोरलानच्या जवळजवळ अंगावरच जाऊन थांबली. एक उंच सावली उतरली, दोन्ही हात हलवत. पद्मजाला ती सावली ओळखायला यंत्राची गरज नव्हती. उजवा खांदा थोडा पुढे काढून चालायची ती सवय वडिलांचीही होती.

"हा दुसरा कोण?" तांबटांनी विचारलं.

"माझा भाऊ," पद्मजा म्हणाली.

सगळ्या माना मागे वळल्या. तांबटांचीही वळली. त्यांनी ओठ मिटले, आणि तिनं काय केलं आहे ते त्यांना कळल्याचं तिला दिसलं. पहारेकऱ्याला बोलावायला त्यांचा हात अर्धा उचलला गेला.

"सर, तुम्ही पुरावा मागितला होता. फक्त आकड्याकडे बघा. नजर काढू नका. तोच माणूस आहे, पडद्याबाहेर गेलेला नाही."

माळरानावर दोरलान एका दगडावर बसला. सन्मती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. वरून दोन डोकी दिसत होती, एकमेकांकडे झुकलेली. काय चाललंय ते दिसत नव्हतं. एक मिनिट गेलं. मोजणी दीड मिनिटावर थांबवून ठेवली होती, आणि पुढे काय, हे विचारायला विमान चालवणारी मुलगी मान वळवून बघत होती. इंधन आणखी अकरा मिनिटांचं होतं. पद्मजाला आठवलं, की त्या चकतीवरचा स्क्रू नेहमी गंजायचा. दादा त्यावर वैतागायचा. दोन मिनिटं. तीन. कुणीतरी खोकलं.

मग दोरलान उठला. सन्मतीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला असावा. सावल्या क्षणभर एक झाल्या. नंतर सन्मती बाजूला झाला. चांगला साठ-सत्तर पावलं बाजूला झाला. वरून ही नवी चाल स्वच्छ दिसावी म्हणून असेल, त्याला मोकळं, एकटं चालू दिलं.

पद्मजानं डोळे मिटायचे टाळले.

दोरलान चालू लागला. लंगडत, पाय ओढत, कधी थबकत, एका पावलासारखं दुसरं नाही.

"एक्केचाळीस," ओवी म्हणाली. मग, "सदतीस. सर, सदतीस."



"पुन्हा जुळवा," तांबट म्हणाले.

"पस्तीस, सर. यंत्र म्हणतंय, अनोळखी माणूस."

चार मिनिटांपूर्वीचा सारस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अनोळखी माणूस झाला होता. पाठीवर तेच दोन डबे होते. तांबट पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "विमान फिरवा."

आणि थोड्या वेळानं, कुणालाच उद्देशून नव्हे, "आधीचे चार कोण होते?"

पद्मजाला त्यातलं एकच नाव ठाऊक होतं. ते तिनं सांगितलं.

*

तिच्यावर गुप्तता भंगाचा खटला झाला. समितीसमोर तांबटांनी साक्ष दिली. त्यांनी तिची बाजू घेतली असं नाही म्हणता येणार. शेडबाळे मॅडमनी कायदा मोडला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं, की आपण कायदा तंतोतंत पाळत असताना चुकीची माणसं मेली. एकसष्ट प्रहार पुन्हा तपासले गेले. तेवीस ठिकाणी यंत्रानं माणसाऐवजी वस्तू ओळखली होती. कुठे पाठीवर एकाच तऱ्हेची टोपली बांधायची पद्धत, कुठे एकाच दुकानातले जड बूट. एकवीस ठिकाणी काही ठरवता आलं नाही. उरलेल्या सतरांत खरोखरच जथ्याची माणसं होती, आणि त्यातल्या दोघांनी बसस्थानकातला स्फोट घडवला होता. प्रहारांनी दहशतवाद कमी होतो का, या प्रश्नाचं उत्तर समितीला एका वाक्यात हवं होतं. ते पद्मजाला देता आलं नाही. प्रहार झालेल्या गावांतून पुढच्या वर्षी जथ्यात किती मुलं गेली, तो तक्ता मात्र तिनं जोडला.

यंत्र दीड वर्षासाठी बंद झालं. दुसऱ्या एका देशानं दरम्यान तसंच बनवल्याची बातमी आली.

शिक्षा निलंबित झाली आणि पारपत्र परत मिळालं, तेव्हा पद्मजा झुरांगला गेली. सन्मतीला तिनं तीस-एक पत्रं पाठवली होती. उत्तर एकाचंही आलं नव्हतं. तो बसथांब्यावर न्यायला मात्र आला. केस सगळे पांढरे झाले होते. त्यानं तिची पिशवी घेतली आणि काही न बोलता चढ चढू लागला. मिशेर मास्तरांच्या घरी जायचंय, हे तिनं पत्रात लिहिलं होतं.

घर दगडाचं, बुटकं. मास्तरांची बायको दारात लोकर पिंजत बसली होती. सन्मतीला पाहून ती ओळखीचं हसली आणि तिनं बसायला चटई टाकली. पद्मजाला तिची भाषा येत नव्हती. सन्मतीनं दुभाष्याचं काम केलं, आणि असं दीड वर्षानं त्यानं बहिणीशी बोललेलं पहिलं वाक्य त्याचं स्वतःचं नव्हतं.

"त्या विचारतायत, तू कोण?"

पद्मजानं बसमध्ये वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरून तिनं म्हटलं, "सांग, विमानानं ज्या यंत्रानं मास्तरांना ओळखलं, ते मी बनवलं."

सन्मतीनं खाली बघून ते सांगितलं. बाईचे हात लोकरीत थांबले. मग एक लांब वाक्य बोलली, अगदी सावकाश.

"त्या म्हणतायत, ओळखायला यंत्र कशाला लागलं? पाय गेल्यापासून सगळा दिवस तर ते इथे दारात बसलेले असायचे. कुणी येऊन विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, हे कोण आहेत ते."



बाईनं आता सन्मतीकडे मान वळवली आणि बोटानं आधी पद्मजाकडे, मग त्याच्याकडे दाखवत काहीतरी विचारलं. या वेळी त्यानं पद्मजाला काही सांगितलं नाही. त्यानं स्वतःच उत्तर दिलं, एका शब्दाचं. बाई ताडकन उठली. तिनं त्यांच्या पुढ्यातून चटई ओढून घेतली, आत गेली आणि जाता जाता चार-पाच शब्द बोलून दार लावून घेतलं. आतून अडसर सरकल्याचा आवाज आला.

"काय विचारलं तिनं?" पद्मजा म्हणाली.

"तू माझी कोण लागतेस, ते."

"काय सांगितलंस?"

"बहीण."

तो चपला पायात सरकवत होता. या घरात, या गावात तो पाच वर्षं येत-जात होता.

"आणि मग काय म्हणाली?"

"दोघंही जा म्हणाली," सन्मती म्हणाला. "परत येऊ नका."

त्यानं तिची पिशवी उचलली. उतार निसरडा होता. दहा-बारा पावलं गेल्यावर तो थांबला, आणि ती पोचेपर्यंत तिथेच उभा राहिला.